अ‍ॅस्बेस्टॉसची भरपाई: दावा उभा राहतो कामाच्या नोंदींवर

अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीने होणारा आजार काम करत असताना दिसत नाही. बॉयलरवरचं लॅगिंग काढताना, ब्रेक लायनिंग घासताना, जहाजाच्या इंजिनरूममध्ये पाइपांवरचा पांढरा थर सोलताना श्वासावाटे आत गेलेले तंतू फुप्फुसात आणि त्याच्या आवरणात अडकून राहतात. मेसोथेलिओमासारखा कर्करोग 20, 30, कधी 40 वर्षांनी वर येतो. तोवर माणूस निवृत्त झालेला असतो, कारखान्याच्या जागेवर इमारती उभ्या राहिलेल्या असतात आणि ज्या कंपनीचा माल हाताळला ती दिवाळखोरीत निघालेली असते. घरातल्यांना कळत नाही की आता दाद मागायची कुणाकडे.

अमेरिकेत या प्रश्नावर एक व्यवस्था उभी राहिली आहे: अ‍ॅस्बेस्टॉसग्रस्तांना भरपाई देणारे ट्रस्ट. आपल्यापैकी अनेकांचे वडील, काका, सासरे अमेरिकेतल्या रिफायनरीत, वीजकेंद्रात, गोदीत किंवा कारखान्यात इंजिनिअर, फिटर, वेल्डर म्हणून राबले. कोकणातले कितीतरी खलाशी परदेशी कंपन्यांच्या बोटींवर आयुष्यभर फिरले. मुंबईत तर परदेशी कंपनीच्या मालकीचा अ‍ॅस्बेस्टॉसचा कारखाना होता. अशा घरांना या ट्रस्टांचं कामकाज समजावं म्हणून हे लिहितो आहे. कायद्याचा सल्ला वकिलाकडूनच घ्यायचा. पण वकिलाकडे जाण्याआधी जे हाताशी हवं, ते गोळा करायला घरचीच माणसं लागतात आणि त्यांनी लवकर कामाला लागावं लागतं.

सुरुवात जॉन्स-मॅनव्हिल या कंपनीपासून झाली. अ‍ॅस्बेस्टॉसचा माल बनवणारी अमेरिकेतली ही सर्वांत मोठी कंपनी. 1973मध्ये क्लॅरेन्स बोरेल या इन्सुलेशन कामगाराच्या खटल्यात टेक्सासमधल्या ज्यूरीचा निकाल अपील न्यायालयाने कायम केला. धोका माहीत असून कामगारांना सावध केलं नाही, यासाठी माल बनवणारे जबाबदार ठरले आणि दाव्यांची रीघ लागली. 26 ऑगस्ट 1982 रोजी मॅनव्हिलने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा तिच्यावर 16 हजारांहून अधिक दावे चालू होते. कंपनीकडे पैसे होते, धंदा चालू होता. पण पुढच्या कित्येक वर्षांत अजून किती लोक आजारी पडणार, याचा अंदाज कुणालाच बांधता येत नव्हता. तोडगा असा निघाला की कंपनीने एका स्वतंत्र ट्रस्टमध्ये रोकड, रोखे आणि आपले शेअर घालायचे आणि अ‍ॅस्बेस्टॉसचे आजचे-उद्याचे सगळे दावे त्या ट्रस्टनेच भागवायचे. 1988मध्ये हा ट्रस्ट सुरू झाला. 1994मध्ये अमेरिकी संसदेने तोच नमुना दिवाळखोरीच्या कायद्यात कलम 524(जी) म्हणून घातला.

या कलमाचा तुमच्यावर होणारा परिणाम नीट ध्यानात घ्या. ट्रस्ट मंजूर झाला की न्यायालय मनाई हुकूम काढतं आणि मूळ कंपनीवर अ‍ॅस्बेस्टॉसपायी दावा लावता येत नाही. कंपनी पुढे दुसऱ्या नावाने नफ्यात चालत असली, तरी तुमचा रस्ता ट्रस्टकडेच जातो. त्या बदल्यात कायद्याने काही अटी घातल्या आहेत. योजनेवर मत देणाऱ्या पीडितांपैकी किमान 75 टक्क्यांनी होकार द्यावा लागतो आणि अजून आजारी न पडलेल्या, पण पुढे पडतील अशा लोकांच्या बाजूने बोलायला न्यायालय एक प्रतिनिधी नेमतं. हा शेवटचा भाग मला या सगळ्या कायद्यातला सर्वांत माणुसकीचा वाटतो. ज्यांना अजून आपला आजार माहीतही नाही, त्यांच्यासाठी आज कुणीतरी खुर्ची अडवून बसलेलं असतं.

मॅनव्हिलनंतर ओवेन्स कॉर्निंग, यूएसजी, आर्मस्ट्राँग, बॅबकॉक अँड विलकॉक्स, पिट्सबर्ग कॉर्निंग, डब्ल्यू. आर. ग्रेस अशा अनेक कंपन्या याच वाटेने गेल्या. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने 2011मध्ये अहवाल दिला तेव्हा असे 60 ट्रस्ट होते आणि त्यांच्याकडे मिळून सुमारे 37 अब्ज डॉलर होते. 1988 ते 2010 या काळात त्यांनी सुमारे 33 लाख दाव्यांपोटी 17.5 अब्ज डॉलर दिले होते.

हे आकडे ऐकून घरात आशा वाढते, आणि इथेच सावध व्हायला हवं. प्रत्येक ट्रस्टचं एक दरपत्रक असतं. आजाराच्या पायरीनुसार त्यात रक्कम ठरलेली असते, आणि सर्वांत वर मेसोथेलिओमा असतो. पण दरपत्रकातली रक्कम हातात पडत नाही. ट्रस्टकडे किती पैसा उरला आहे आणि पुढे किती दावे येतील, हे पाहून विश्वस्त एक टक्केवारी ठरवतात आणि तेवढाच भाग दिला जातो. मॅनव्हिल ट्रस्टने सुरुवातीला पूर्ण रक्कम द्यायला घेतली, तेव्हा थोड्याच काळात तिजोरी रिकामी व्हायची वेळ आली आणि पैसे देणं थांबवावं लागलं. 1995मध्ये टक्केवारी 10वर आणली, 2001मध्ये 5वर, मग 2008मध्ये साडेसातवर, आणि नंतर ती पुन्हा घसरली. या ट्रस्टच्या दरपत्रकात मेसोथेलिओमासाठी 3 लाख 50 हजार डॉलर लिहिले होते. 5 टक्क्यांच्या हिशेबाने त्यातले 17 हजार 500 डॉलर हाती येतात. कर्करोगाने माणूस गमावलेल्या घराला ही रक्कम अपमानासारखी वाटू शकते आणि तो राग रास्त आहे. टक्केवारी मात्र तुमच्या माणसाच्या आयुष्याचं मोल ठरवत नसते. पंधरा वर्षांनी आजारी पडणाऱ्या कामगारालाही तितकाच वाटा मिळावा म्हणून ती कमी ठेवलेली असते.

म्हणून एका ट्रस्टवर थांबायचं नाही. रिफायनरीत वीस वर्षं काढलेल्या माणसाने एकाच कंपनीचा माल कधी हाताळलेला नसतो. बॉयलर एका कंपनीचा, त्यावरचं इन्सुलेशन दुसरीचं, गास्केट तिसरीचं, भट्टीच्या विटा चौथीच्या. ज्या-ज्या कंपनीच्या मालाशी संबंध दाखवता येईल, तिच्या ट्रस्टकडे वेगळा दावा करता येतो आणि प्रत्येक ट्रस्ट आपापल्या वाट्याची रक्कम देतो. ज्या कंपन्या दिवाळखोरीत गेलेल्या नाहीत, त्यांच्यावर न्यायालयात दावा लावण्याचा हक्कही राहतो.

दाव्याला दोन पाय लागतात: आजाराचा पुरावा आणि धुळीशी आलेल्या संबंधाचा पुरावा. पहिला तुलनेने सोपा असतो, कारण तो रुग्णालयाच्या फाइलीत असतो. मेसोथेलिओमाचं निदान बायोप्सीवरून झालं असेल, तर पॅथॉलॉजीचा अहवाल पुरतो. जमल्यास मूळ स्लाइड आणि ब्लॉक जपून ठेवायला रुग्णालयाला लेखी कळवा. अ‍ॅस्बेस्टॉसिससाठी (या धुळीने फुप्फुसं ताठर होण्याच्या आजारासाठी) छातीचा एक्स-रे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या प्रमाणानुसार वाचलेला असावा लागतो, आणि गंभीर पायरीसाठी फुप्फुसांच्या क्षमतेच्या चाचणीचे आकडेही लागतात. पहिल्यांदा अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध आल्यापासून निदानापर्यंत किमान 10 वर्षं गेलेली असावीत, अशी अट बहुतेक नियमावल्यांत आहे. फुप्फुसाच्या साध्या कर्करोगात वरची पायरी मिळवायची, तर दोन्ही बाजूंना अ‍ॅस्बेस्टॉसच्या जुन्या खुणा दिसाव्या लागतात. तेव्हा डॉक्टरांना स्पष्ट सांगा, की अहवालात त्या खुणांचा उल्लेख असेल तर तो वगळू नका. रुग्ण धूम्रपान करत असेल, तर ते लपवू नका. धूम्रपान केलं म्हणून दावा आपोआप फेटाळला जात नाही, पण लपवलेलं उघडं पडलं की सगळ्या फाइलीवरचा विश्वास उडतो.

खरी कसोटी दुसऱ्या पायाची. ट्रस्टला हे दाखवावं लागतं की अमुक माणूस, अमुक वर्षांत, अमुक ठिकाणी, अमुक कंपनीच्या मालाजवळ काम करत होता. बहुतेक नियमावल्यांत 31 डिसेंबर 1982पूर्वीचा संबंध मोजला जातो. मेसोथेलिओमा सोडून वरच्या पायऱ्यांसाठी त्या कंपनीच्या मालाशी किमान सहा महिन्यांचा संबंध आणि एकूण पाच वर्षांचं धुळीतलं काम, अशा अटी असतात. अनेक ट्रस्ट कारखाने, गोद्या आणि जहाजं यांच्या याद्या प्रसिद्ध करतात. तुमच्या माणसाची जागा आणि काळ त्या यादीत बसला, तर अर्धं काम झालं. नसेल, तर पुरावा आपण उभा करायचा.

हे सगळं ज्याच्या डोक्यात आहे तो माणूस आजारी आहे, आणि मेसोथेलिओमा फार वेळ देत नाही. अनेकदा निदानापासून वर्ष-दीड वर्षात सगळं संपतं. म्हणून निदान झाल्याच्या पहिल्या आठवड्यातच, उपचारांच्या धावपळीतून वेळ काढून, शेजारी वही घेऊन बसा. पहिल्या नोकरीपासून विचारा. कुठल्या प्लांटमध्ये, कुठल्या खात्यात, हुद्दा काय, बरोबर कोण होतं, मुकादम किंवा सुपरवायझर कोण. पोत्यांवर, खोक्यांवर कुठलं नाव छापलेलं असायचं? शटडाऊनच्या काळात इन्सुलेशन कोण काढायचं? धूळ उडायची तेव्हा तोंडावर काही बांधायला मिळायचं का? सरळ प्रश्नाला बऱ्याचदा 'आता काय आठवतंय' असंच उत्तर येतं. पण जुना फोटो किंवा नोकरीचा पास समोर ठेवला, की माणूस बोलू लागतो. सांगेल तसं, त्याच्याच शब्दांत, मराठीत बोलला तर मराठीत लिहा आणि फोनवर रेकॉर्ड करा. भाषांतर नंतर होईल. पुढे वकिलाच्या सल्ल्याने त्यावरून शपथपत्र करता येतं. माणूस गेल्यावर त्याची जागा कुठलाच कागद पूर्ण भरून काढू शकत नाही.

कागदही शोधा. अमेरिकेत काम केलेल्यांसाठी सर्वांत उपयोगी आहे तो सोशल सिक्युरिटी कार्यालयातून मिळणारा कमाईचा तपशीलवार उतारा. त्यात वर्षवार मालकांची नावं येतात आणि विसरलेल्या नोकऱ्याही सापडतात. नौदलात असलेल्यांचे सेवामुक्तीचे कागद, कामगार संघटनेची पुस्तकं, निवृत्तिवेतनाची पत्रं, जुन्या सहकाऱ्यांची शपथपत्रं, सगळं चालतं. खलाशांकडे सीडीसीचं, म्हणजे बोटीवरच्या नोकरीच्या नोंदींचं, पुस्तक असतं. बोटीचं नाव, चढल्याची-उतरल्याची तारीख आणि हुद्दा हे सगळं त्यात शिक्क्यांसह असतं. घरातल्या ट्रंकेत पडलेलं ते पुस्तक रद्दीत घालू नका.

अमेरिका आणि कॅनडाच्या बाहेर संबंध आलेल्यांनाही अनेक ट्रस्टांचं दार पूर्ण बंद नसतं. असे दावे परदेशी दावे म्हणून वेगळे धरले जातात आणि त्यांची एकेक करून तपासणी होते. त्यात त्या देशाच्या कायद्यानुसार किती भरपाई मिळाली असती, हेही पाहिलं जातं. तेव्हा अमेरिकी दरपत्रकातल्या रकमेची अपेक्षा ठेवून बसू नये.

मुंबईशी याचा थेट संबंध आहे. घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडो नावाचा कारखाना होता. तिथे ब्रेक लायनिंग आणि अ‍ॅस्बेस्टॉसचं कापड तयार व्हायचं. ही इंग्लंडमधल्या टर्नर अँड न्यूऑल या समूहाची कंपनी होती. पुढे तिचं नाव हिंदुस्थान कंपोझिट्स झालं. टर्नर अँड न्यूऑलचं मूळ रॉचडेलचं. तिथल्याच कापडविभागात काम केलेली नेली कर्शॉ 1924मध्ये वारली आणि तिच्या फुप्फुसांच्या तपासणीतून अ‍ॅस्बेस्टॉसिसची वैद्यकीय नोंद झाली. म्हणजे मुंबईचा कारखाना सुरू होण्याच्या कितीतरी आधी धोका त्या समूहाच्या दारातच सिद्ध झाला होता. 1998मध्ये हा समूह अमेरिकेच्या फेडरल-मोगलने विकत घेतला आणि 2001मध्ये फेडरल-मोगल दिवाळखोरीत गेली. त्या प्रकरणातून ट्रस्ट उभे राहिले, अमेरिकेतल्या दाव्यांसाठी वेगळा आणि ब्रिटनच्या बाजूने वेगळा. मुंबईत डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी या कारखान्यातल्या कामगारांची तपासणी केली. 2005मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात तपासलेल्या दर पाच कामगारांमागे एकाहून अधिक जणांना अ‍ॅस्बेस्टॉसिस आढळला. अशा कामांतूनच मुंबईच्या कामगारांचे दावे टर्नर अँड न्यूऑलच्या ट्रस्टपर्यंत पोचले. घाटकोपर, विक्रोळी, भांडुप पट्ट्यात ज्यांच्या घरातलं कुणी तिथे होतं, त्यांनी नोकरीचं पत्र, प्रॉव्हिडंट फंडाची पावती, ईएसआयचं कार्ड शोधून ठेवावं आणि अशा कामगारांबरोबर काम केलेल्या संस्थेकडे किंवा वकिलाकडे मुदतीची चौकशी करावी.

इथे राहणाऱ्यांनी भारतातला हक्कही सोडू नये. 27 जानेवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंझ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर निकाल देताना अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यांना आदेश दिला, की प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या सुरुवातीपासून किमान 40 वर्षं किंवा नोकरी संपल्यावर 15 वर्षं, यांतलं जे नंतर येईल तोवर जपावी. आजारी ठरलेल्या कामगाराला एक लाख रुपये भरपाईचंही त्यात म्हटलं आहे. कारखान्याकडे आपली नोंद मागायला जाताना या निकालाचा उल्लेख लेखी अर्जात करा.

घरातल्या बायकांचा भाग सहसा दुर्लक्षित राहतो. नवरा धुळीने माखलेले कपडे घरी आणायचा आणि ते झटकून धुणाऱ्या बाईच्या फुप्फुसातही तेच तंतू जायचे. अमेरिकी ट्रस्टांच्या नियमावल्यांत अशा घरगुती संबंधासाठी वेगळी तरतूद असते. नवऱ्याचा कामाचा इतिहास सिद्ध करायचा आणि त्याच्या कपड्यांशी आपला संबंध कसा येत होता ते सांगायचं. तेव्हा कारखान्यात कधीच पाऊल न टाकलेल्या बाईला मेसोथेलिओमा झाला, तर डॉक्टरांनाही आणि वकिलालाही घरातल्या पुरुषांच्या नोकऱ्या सांगा.

दावा दाखल करताना दोन मार्ग असतात. जलद तपासणीत अटी पूर्ण झाल्या की दरपत्रकातली ठरावीक रक्कम, टक्केवारी लावून, मिळते. व्यक्तिगत तपासणीत वय, अवलंबून असलेली मुलं, बुडालेलं उत्पन्न, वेदना हे सगळं मांडता येतं. रक्कम वाढू शकते, कमीही येऊ शकते आणि वेळ जास्त लागतो. तरुण वयात मेसोथेलिओमा झालेल्या आणि लहान मुलं मागे असलेल्या माणसासाठी मी दुसरा मार्ग नक्की विचारात घ्यायला सांगेन. अ‍ॅस्बेस्टॉसिसच्या सौम्य पायरीत पहिला मार्ग बहुधा शहाणपणाचा ठरतो. ट्रस्टचा देकार पटला नाही तर तो नाकारून लवादाकडे जाता येतं.

मुदतीबाबत ढिलाई करू नका. ती निदानाच्या किंवा मृत्यूच्या तारखेपासून मोजली जाते. राज्यागणिक ती वेगळी आहे आणि काही राज्यांत एकाच वर्षाची. अनेक ट्रस्टांनी निदानापासून तीन वर्षांची सवलत ठेवली आहे, पण तिच्या भरवशावर राहणं धोक्याचं. माणूस गेला असेल तर वारसाने न्यायालयाकडून इस्टेटीचा प्रतिनिधी म्हणून अधिकारपत्र घ्यावं लागतं आणि त्यातच महिने जातात.

वकील निवडताना एवढं पाहा: अमेरिकेत असे वकील भरपाईतला वाटा घेतात, आधी पैसे मागत नाहीत. मॅनव्हिलसारख्या ट्रस्टने वकिलाची फी 25 टक्क्यांवर बांधलेली आहे. तेव्हा ट्रस्टच्या दाव्यांसाठी आणि न्यायालयातल्या खटल्यासाठी फी वेगवेगळी लिहून घ्या. आधी नोंदणीशुल्क मागणाऱ्या मध्यस्थापासून, मग तो गावाकडचा ओळखीचा का असेना, लांब राहा.

सगळ्या अर्जांत कामाचा इतिहास एकच असला पाहिजे. 2014मध्ये गार्लॉक कंपनीच्या प्रकरणात दिवाळखोरी न्यायालयाला आढळलं, की काही खटल्यांत वकिलांनी दुसऱ्या कंपन्यांच्या मालाशी असलेला संबंध दडवला होता आणि पुढे त्याच कंपन्यांच्या ट्रस्टकडे दावे केले होते. त्यानंतर अनेक राज्यांनी ट्रस्टचे दावे न्यायालयात उघड करण्याची सक्ती केली. त्यामुळे कोऱ्या अर्जावर सही करू नका आणि तुमच्या नावाने कुठल्या ट्रस्टकडे काय लिहून गेलं, त्याची प्रत मागा.

पैसे आले की रुग्णावर मेडिकेअर या अमेरिकी सरकारी आरोग्यविम्याने केलेल्या खर्चापैकी काही भाग परत मागितला जाऊ शकतो. तो हिशेब वकिलाकडून आधीच करून घ्या. शारीरिक इजेच्या भरपाईवर अमेरिकेत सहसा संघीय आयकर लागत नाही, पण त्यावर मिळालेल्या व्याजावर लागतो. आणि रक्कम स्वीकारताना ज्या मुक्तिपत्रावर सही घेतली जाते, ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. आज अ‍ॅस्बेस्टॉसिसपोटी पैसे घेतले आणि उद्या त्याच माणसाला कर्करोग झाला, तर पुन्हा दावा करण्याचा हक्क बऱ्याच ट्रस्टांच्या नियमांत राखलेला असतो. तो तुमच्या मुक्तिपत्रात शब्दशः लिहिलेला आहे का, हे वकिलाला विचारा, आणि उत्तर लेखी घेतल्यावरच सही करा.